दुधाच्या रांगेतले पुरुष

पुण्याहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर बर्फाचा डबा होता आणि त्यात कुल्फी आहे अशी शेजारच्या बाईंची खात्री होती. रक्ताच्या रिकाम्या नळ्या आहेत म्हटल्यावर त्या खिडकीकडे सरकल्या. मी पुरुषांच्या वंध्यत्वावर संशोधन करते, हे मी त्यांना सांगितलं नाही. बारामती अजून दोन तास लांब होती.

बारामतीतला पहिला दिवस साफ फुकट गेला. जळोचीतल्या एका मंगल कार्यालयात मी पुरुषांच्या रक्ताचे नमुने घ्यायला सकाळपासून टेबल मांडून बसले. दुपारपर्यंत एकच गृहस्थ आले, तेही चष्म्याचा नंबर तपासता का, हे विचारायला. समोरच्या हॉटेलात झणझणीत मिसळ खाल्ली, नशिबाला चार शब्द सुनावले आणि इंदापूर तालुक्याची गाडी धरली.

वालचंदनगरला उतरून रिक्षानं कळंबला पोचले. दोन्हीकडे ऊस इतका उंच, की गाव आलं तरी कळत नाही. मुक्काम माझ्या सहकाऱ्याच्या मामांकडे, तात्यांकडे होता. पूर्वी मेंढरांमागे रानोमाळ फिरलेला माणूस. आता दोन एकर ऊस आणि चार म्हशी. त्यांच्या सुनेनं, सुजातानं, बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास (कालवण) वाढलं. तीन भाकऱ्या खाल्ल्यावर लाज वाटली, पण चौथीही घेतली.

भांडी आवरताना सुजाता मोकळी झाली. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, पोटात एकदा दुर्बीणही घालून झाली, सापडलं काहीच नाही. तरी येत्या सोमवारी पुन्हा घालणार होते. तिच्या नवऱ्याची, अमोलची, मात्र एकही तपासणी झाली नव्हती.

"त्यांचं अंग बघा की ताई, पैलवानागत हाय. त्यांच्यात दोष हाय असं कोण म्हणंल?"

मला मनापासून राग आला, पण पाहुणी होते, म्हणून तो भांड्यांवर काढला.

माझी रडकथा ऐकून तात्यांनी सल्ला दिला, की कार्यालयात कुणी फिरकणार नाही, सकाळी डेअरीवर चला, तिथं गावातला प्रत्येक गडी येतो. मलाही सकाळच हवी होती, कारण टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सकाळी सर्वांत जास्त असतं.

डेअरीवर प्रत्येकाच्या दुधाचा नमुना यंत्रात जात होता. फॅट कमी लागला तर ते सगळ्यांसमोर पुकारत, आणि लाजायचं सोडून माणसं आपल्या म्हशीची बाजू घेऊन भांडत. नमुना देणं हा इथला रोजचाच रिवाज. मी शेजारच्या खोलीत टेबल मांडलं, तर रिकाम्या किटल्या दाराशी ठेवून एकेक जण बाही सरसावत आत आला. नऊपर्यंत माझ्या निम्म्या नळ्या भरल्या होत्या.

अमोल तेवढा दाराशी घुटमळत होता. मग तात्याच येऊन खुर्चीवर बसले. तुमचं वय अभ्यासात बसत नाही म्हटलं, तरी उठेनात. त्यांनी मुलाला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"खांडातली (कळपातली) मेंढरं गाभण न्हाय राहिली, तर आमी आधी मेंढा बदलायचो. घरात मात्र पाच वर्सं नुसती सून तपासली. चुकलं माझं. बस हितं."

खुर्ची मुलाला देऊन ते बाहेर गेले. रक्त घेताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, काही औषधं, इंजेक्शनं? अमोलनं आधी दार नीट लोटलंय ना ते पाहिलं. मग म्हणाला, लग्नाआधीपासून जिममधल्या मित्राकडून अंग भरण्याची इंजेक्शनं घेतोय.

"मर्दानी ताकद वाढती म्हणला त्यो."

ती टेस्टोस्टेरॉनचीच असणार, हे मी ओळखलं. ते बाहेरून मिळालं, की आता आपल्याला काम नाही असं मेंदूला वाटतं आणि शुक्रजंतू तयार होणं थांबत जातं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंजेक्शनं बंद केली तर बहुतेकांचं पुन्हा सुरळीत होतं, वेळ मात्र लागतो, हेही मी सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि सुजाताला स्वतःच सांगेन म्हणाला.

परतीच्या एसटीत डबा जड होता आणि मी मजेत गुणगुणत होते. शनिवारी रिपोर्ट आले. शुक्रजंतू तयार करायला सांगणारी संप्रेरकं अमोलच्या रक्तात जवळजवळ नव्हतीच, माझी शंका खरी ठरली होती. मी अमोलला फोन केला, त्यानं ऐकून घेतलं आणि फोन सुजाताकडे दिला.

"ताई, सोमवारची दुर्बीण मी रद्द केली," ती म्हणाली. "घरात कुणाला इचारलं न्हाय, सांगितलं."

इतकी वर्षं मी पुरुषांच्या रक्तात डोकं घालून बसले आहे. त्याचा डोळ्यांना दिसलेला पहिला फायदा एका बाईच्या पोटाला झाला, आणि मला त्या दिवशी फार आनंद झाला.