बाबांना ऐकू जाईल असं खोकं

सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या घरामागे कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने आहेत. त्यांची घरघर दिवसभर चालू असते आणि आम्हांला ती ऐकूच येत नाही. बंद पडली की मात्र सगळे दचकतात. अशा घरात राहून मी वाजवायला निवडली ती खालच्या, घुमणाऱ्या सुरांची बेस गिटार. अक्कल बघा माझी!

लग्नाच्या, हळदीच्या ऑर्केस्ट्रात मी वाजवतो. बाबांनी उभा जन्म लूमवर काढला आणि निम्मे कान तिथेच ठेवून आले. माझ्या कार्यक्रमांना ते हौसेने पहिल्या रांगेत बसत आणि पाहुण्यांना सांगत, "मन्हा पोऱ्या ऑर्केस्ट्रामा उभा ऱ्हास." वाजवतो असं कधी नाही. उभा राहतो! मी हसण्यावारी न्यायचो, पण लागायचं.

म्हणून बाबांना माझे सूर ऐकू जातील असं, माझ्यापुरतं वेगळं स्पीकरचं खोकं करायचं ठरवलं. तयार मिळतात ती महाग, शिवाय न्यायला टेम्पो लागतो. माझी अट एकच होती, खोकं स्कूटरवर पायांमध्ये मावलं पाहिजे. तेव्हा मापं घेतली ती स्कूटरची. कतारगामला हिरे घासायच्या चाकांची, म्हणजे घंट्यांची, टेबलं बनवणारा एक सुतार ओळखीचा होता. "आमां तो कबूतर पण नहीं रहे, भाई," एवढ्याशात कबूतरही राहायचं नाही, असं म्हणत त्याने उरलेल्या प्लायचे तुकडे कापून दिले.

पहिल्या खेपेला मी हावरटपणा केला. एवढ्याशा पेटीतून मला जमीन हादरवायची होती. आवाज घुमावा म्हणून पुढे भोक ठेवलं आणि आवाज जमेल तितका खाली खेचला. सुट्टीचा दिवस बघून, लूम बंद असताना, घरात वाजवून पाहिलं. बाबा खाटेवरून म्हणाले, "आज सुट्टी शे ना? मंग कारखाना कसा चालू?"

आई पदर तोंडाला लावून हसली. मी रागाने खोक्याची वायर उपटली.

राग उतरल्यावर डोक्यात उजेड पडला. जो आवाज बाबांनी आयुष्यभर कानाआड केला, तोच मी त्यांना वाजवून दाखवत होतो. त्यांना ऐकू जायला हवा होता तो मधला आवाज, तारेवर बोट पडतं आणि सूर सुरू होतो तिथला. खालची गडगड मांडवातले मोठे स्पीकर सांभाळतातच की. मग भोक बुजवलं, मधल्या सुरांचा लहान स्पीकर बसवला आणि खालचा आवाज अडवायला वायरीत कपॅसिटर टाकला. आत पॉलिएस्टरचा कापूस भरला. सुरतेत तो कारखान्यांबाहेर पडलेलाच असतो, विकत घेणारा वेडाच म्हणायचा. आता लूम चालू असतानाच वाजवायचं, पटलं नाही की पुन्हा स्क्रू काढायचे, असं चाललं. मधल्या काळात आई त्या खोक्यावर परात ठेवून गहू निवडायला लागली.

लिंबायतला एक हळद होती. मांडवामागे लूम चालू, समोर बाबा. खोकं मी खुर्चीवर, त्यांच्या कानाच्या उंचीला ठेवलं. दोनेक गाणी झाली आणि बाबा मान वर करून माझ्या बोटांकडे बघायला लागले. त्या बघण्याने मी असा गडबडलो की कडव्याच्या जागी मुखड्याचे सूर वाजवून मोकळा झालो. गायकाला कळलं नाही, ड्रमवाल्यालाही नाही. बेसवाल्याची चूक कुणाला कळत नाही, आमची तेवढीच चैन असते.

परतताना स्कूटरवर खोकं माझ्या पायांत आणि बाबा मागे. सिग्नलला ते कानाशी ओरडले, "एक जागे तू चुकना ना रे?"

"हो बाबा, चुकलो!" मीही ओरडलो. कुठल्या टाळ्यांनी झाला नव्हता इतका आनंद मला झाला. शेजारचा रिक्षावाला बघत राहिला.

घरी पोचल्यावर बाबांनी चपलाही काढल्या नाहीत. दारातूनच माझ्याकडे बोट करत आईला म्हणाले, "हाऊ वाजाडस व! चुकस बी, पन वाजाडस."