कुठल्याही लष्कराच्या भाकऱ्या

माझी बायको परक्या लष्कराला भाकऱ्या पुरवते, असा संशय सौदीतल्या अल-खोबरमधल्या दोनशे भारतीय कुटुंबांना एका शुक्रवारी सकाळी आला, तेव्हा मी चहात खारी बुडवत होतो. संशयाला पुरावा म्हणून जो मजकूर फिरत होता, तो मीच लिहिला होता. तोही कौतुक म्हणून!

आमच्या भागातल्या भारतीय कुटुंबांचं एक मंडळ आहे. त्याच्या अध्यक्षपदाला यंदा वैशाली उभी होती. वैशाली म्हणजे माझी बायको. इथे नवीन आलेल्या बायकांना इस्पितळात, शाळेत घेऊन जाण्याचं काम ती अठरा वर्षं करते आहे, आणि दर वेळी खिडकीपलीकडचा माणूस तिला विचारतो, "तुम्ही पेशंटच्या कोण?" मंडळाच्या पत्रावर अध्यक्ष म्हणून सही असली की हा प्रश्न कमी होतो. तिला ती सही हवी होती. लग्नानंतर तिने स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट (मिक्सर धरला तर दुसरी).

समोर होते सक्सेनाजी. त्यांच्या प्रचारपत्रकात तिरंगा होता, लढाऊ विमान होतं आणि विमानाच्या शेपटीशी सक्सेनाजींचा हसरा फोटो होता. मतदान मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, शुक्रवारी दुपारी चार वाजता होणार होतं.

आणि त्याच शुक्रवारी सकाळी सहा वाजता तळमजल्यावरच्या मुलीला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा कामावर जुबैलला. वैशाली तिला घेऊन दमामच्या इस्पितळात निघाली. दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "अहो, ग्रुपवर काही लिहू नका."

"का?"

"तुम्ही लिहिता म्हणून."

मी नऊपर्यंत दम धरला. मग सक्सेनाजींचं विमान तिसऱ्यांदा आलं आणि माझ्यातला नवरा पेटून उठला. मी लिहिलं: 'वैशाली म्हणजे मेजरची मुलगी. देशसेवा तिच्या रक्तात आहे. गेली अठरा वर्षं एक पैसा न घेता ती लष्कराच्या भाकऱ्या भाजते आहे!' वाचून माझेच डोळे पाणावले. पण ग्रुपवर मलयाळी, तेलुगू, पंजाबी सगळेच. म्हणून फोनला इंग्रजी करायला सांगितलं, त्याने क्षणात केलं आणि मी न वाचता पाठवून दिलं.

पाच मिनिटांनी दहावीतली आमची सई खोलीतून बाहेर आली.

"बाबा, डिड यू ईव्हन रीड धिस?"

"का गं? छान आहे ना?"

"इट सेज, आई बेक्स ब्रेड फॉर द आर्मी. फॉर एटीन इयर्स. विदाउट सॅलरी."

खारी चहात पडली. तेवढ्यात ग्रुपवर सक्सेनाजी अवतरले: 'बहुत खूब! पर भाभीजी तो अठारह साल से यहाँ रहती हैं. तो रोटी कौनसी आर्मी के लिए?'

आता खरं तर गप्प बसायचं. पण मी इन्स्ट्रुमेंट इंजिनियर आहे, बिघाड दिसला की हात घालतो. मी घाईघाईने मराठीत खुलासा लिहिला की बाबांनो, हा वाक्प्रचार आहे, यात लष्कर कुणाचं हे महत्त्वाचं नसतं. फोनने त्याचंही इंग्रजी केलं. सईने मोठ्याने वाचून त्याचा मराठी अर्थ सांगितला: "ती कुठल्याही लष्कराला भाकऱ्या देते."

त्यानंतर ग्रुपवर जे सुरू झालं, त्यापुढे देशातल्या निवडणुका म्हणजे हळदीकुंकू! वैशाली सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला नव्हती, हे एकाला आठवलं. (नव्हतीच. ती कुणाच्या तरी सासूला आणायला विमानतळावर गेली होती.) दुसऱ्याने सौदीच्या राष्ट्रीय दिनाचा फोटो शोधून काढला, त्यात ती हिरवा केक कापत होती. त्या केकचा सर्वांत मोठा तुकडा सक्सेनाजींच्या हातात होता, पण फोटो बरोबर तिथे कातरलेला! 'देशभक्ती दिल में होनी चाहिए, तवे पर नहीं,' असं एकाने लिहिलं आणि त्याला एकतीस अंगठे मिळाले. मी मोजले.

मग यासीनभाईंचा फोन आला. यासीनभाई दापोलीचे. आमच्या गल्लीत त्यांचं किराणा दुकान आहे.

"अरे बाबा, काय लिहून बसलास? दोघं जण दुकानात येऊन विचारून गेले, वहिनी पीठ किती नेतात म्हणून!"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"घाबरू नको. मी ग्रुपवरच खुलासा टाकलाय."

मी ग्रुप उघडला. यासीनभाईंनी लिहिलं होतं: 'वैशाली भाभी एकदम शरीफ औरत है. महीने का सिर्फ बीस किलो ज्वारी आटा लेती है.' खाली लगेच प्रश्न: 'तीन लोगों के घर में बीस किलो?' (त्यातलं पंधरा किलो कामगारांच्या कॅम्पमधल्या आपल्या पोरांच्या डब्यांत जातं. पण हे आता कोण ऐकणार!)

साडेअकराला आमच्या कंपनीच्या अबू सालेहचा फोन आला; बातमी ग्रुपबाहेरही पोचली होती. आमचे सगळ्यांचे इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, नूतनीकरणाला त्याच्याच हातातून जातात, आणि आमचे तीन त्या आठवड्यात त्याच्या टेबलावर होते.

"सादिक, मदाम आर्मी का खुब्ज बनाता? काँट्रॅक्ट मिला?" (सादिक म्हणजे दोस्त आणि खुब्ज म्हणजे रोटी.)

"नो, नो, अबू सालेह! नो काँट्रॅक्ट! ये सिर्फ बोलने का..."

"मदाम फॅमिली इकामा. बिझनेस मम्नू, मना. मालूम?"

"मालूम! मालूम!"

"खलास. डिलीट." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "लेकिन काँट्रॅक्ट सच्ची मिला, तो मेरा भाई का गाडी है. डिलिव्हरी."

मी दोन्ही संदेश डिलीट केले. बाहेर शेहेचाळीस अंश होतं, आत एसी अठरावर होता, आणि माझा सदरा पाठीला चिकटला होता. जरा श्वास घेतो तोवर सक्सेनाजींनी लिहिलं: 'सबूत मिटाया जा रहा है.' खाली माझ्या दोन्ही संदेशांचे फोटो. त्यांनी ते नऊ वाजून वीस मिनिटांनीच काढून ठेवले होते. असा माणूस प्रकल्पावर मिळाला असता तर आमची एकही फाइल हरवली नसती.

पण खरी धडकी अजून बाकी होती. दुपारी दोनला ग्रुपवर नायरसाहेब बोलले. नायरसाहेब माजी सैनिक. इथे एका कॅम्पची सुरक्षा बघतात आणि ग्रुपवर वर्षातून दोनदाच बोलतात, दोन्ही वेळा 'जय हिंद'. त्यांनी रोट्यांबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं: 'मेजरसाब का नाम? यूनिट? कमिशन कौनसे साल का?'

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझे सासरे मेजर नव्हते. त्यांच्या साताऱ्याकडच्या गावात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला 'मेजर'च म्हणतात. शिपाई असो, ड्रायव्हर असो, पारावर बसला की मेजर. सासरे पलटणीत स्वयंपाकी होते. मला हे लग्नाच्या आधीपासून ठाऊक होतं. पण इथल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसात मी 'सासऱ्यांना मेजर म्हणतात' असं सांगितलं, समोरच्याने 'अरे वा!' म्हणून खुर्ची पुढे सरकवली, आणि मी त्या खुर्चीवर अठरा वर्षं बसून होतो. पुढे पुढे तर 'म्हणतात' हा शब्दही गळून गेला.

"सांगून टाका ना," सई म्हणाली. स्वतःचं असं एवढं एकच वाक्य तिने दिवसभरात अख्खं मराठीत म्हटलं.

मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. ग्रुपवर सगळ्यांना दिसत होतं की मी टाइप करतो आहे. 'टाइपिंग, टाइपिंग... फिर बंद,' सक्सेनाजींचं धावतं समालोचन चालू होतं. तीन वाजले. सव्वातीन झाले. वैशालीला फोन लावावा तर तिचा फोन सकाळपासून पर्समध्ये मुका पडलेला.

तीन चाळीसला दार वाजलं. वैशाली आत आली. केस विस्कटलेले, ओढणीवर कसलातरी डाग, चेहरा मात्र फुललेला.

"मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत. त्या खिडकीवाल्याने आजही विचारलंन, तुम्ही कोण. म्हटलं, चार वाजेपर्यंत थांब, मग सांगते कोण ते." ती हसली आणि आम्हा दोघांकडे बघून थांबली. "काय लिहिलंत?"

मी फोन पुढे केला. ती उभ्याउभ्या वाचत गेली. भाकऱ्यांपाशी तिला चक्क हसू आलं. वीस किलोपाशी ती "अरे देवा, यासीनभाई!" म्हणाली. मग नायरसाहेबांच्या प्रश्नापाशी तिचं बोट थांबलं.

"मेजर कोण?"

"अगं, गावाकडे म्हणतात ना..."

"गावाकडे म्हणतात. तुम्ही इथे काय सांगितलंत?"

अठरा वर्षांत तिने माझं बरंच काही ऐकून सोडून दिलं होतं, पण त्या वेळी ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मला सोसवेना. लाज वाटली. ग्रुपची नाही, तिची.

"बाबांची लाज वाटते तुम्हाला?" तिने शांतपणे विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नाही गं. म्हणजे... तेव्हा वाटली होती."

तीन बावन्न. ती खुर्चीवर बसली आणि फोन तोंडाशी धरून तिने आवाजी संदेश पाठवला. तिचं हिंदी सातारी वळणाचं आहे, पण त्या दिवशी एकही शब्द अडखळला नाही.

"नमस्ते. मैं वैशाली. मेरे पिताजी मेजर नहीं थे. वो पलटन में लांगरी थे, खाना बनाते थे. बाईस साल. मेरे पती को ये बताने में शरम आती थी, मुझे कभी नहीं आई. मैं कोई आर्मी को रोटी नहीं देती. हमारे मराठी में, जो आदमी खुद का काम छोड के दुनिया का काम करता है, उसको ऐसा बोलते हैं. उसकी तारीफ नहीं करते, उसको हँसते हैं. मेरे पती ने तारीफ समझ के लिखा. अब चार बजने वाले हैं. आपको जो ठीक लगे, करो."

ग्रुप गार पडला. दोनशे कुटुंबं, आणि एक अंगठासुद्धा नाही. मी, वैशाली आणि सई, तिघंही त्या पडद्याकडे बघत बसलो. तीन पंचावन्न. तीन छप्पन. सक्सेनाजी टाइप करत होते, थांबत होते, पुन्हा टाइप करत होते. (या वेळी समालोचन करायला कुणी नव्हतं!)

तीन अठ्ठावन्नला नायरसाहेब आले: 'मॅडम, मैंने उन्नीस साल लांगरी के हाथ का खाया है. बर्फ में भी गरम मिला. मेजर बहुत देखे. आपके पिताजी को मेरा सलाम. मेरा वोट आपको.' आणि मग, दुसऱ्याच ओळीत: 'आपके पती को कुछ नहीं.'

वैशाली निवडून आली. सक्सेनाजींनी अभिनंदन केलं, विमानासकट. यासीनभाईंनी पेढे पाठवले आणि बरोबर एक पोतं पीठ, 'अध्यक्षांसाठी, हिशेबात धरू नये' अशी चिठ्ठी लावून. तळमजल्यावरच्या बाळाच्या कागदपत्रांवर वैशालीने अध्यक्ष म्हणून पहिली सही केली. खिडकीपलीकडच्या माणसाने म्हणे मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

माझ्याशी मात्र ती चार दिवस कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी अध्यक्षीय आदेश निघाला: पंधरा ऑगस्टच्या जेवणात लष्कराच्या भाकऱ्या होतील. ग्रुपचीच तशी मागणी आहे. शंभर. आणि त्या मी थापायच्या.

त्या सकाळी आमच्या ओट्यावर फोन उभा केला होता आणि त्यात साताऱ्याहून सासरे बसले होते. ऐंशीच्या पुढचे, डोक्याला मफलर.

"पाव्हणं, पानी कडक पायजे. कोमट न्हाई. हां. आता मळा. जोर लावा की!"

"मामा, तुटतेय."

"तुटंल. आमच्या पलटनीत पयल्या म्हयन्यात समद्यांची तुटायची." आणि मग, "वैशी म्हनत हुती, तुमी मला तिकडं मेजर केलता?"

माझे हात पिठात, मान खाली. "चुकलं, मामा."

"चुकलं कसलं!" म्हातारा खूश होऊन हसला. "पेन्शन वाडवून मिळंल का तेवडं बगा."

दुपारी हॉलमध्ये भाकऱ्यांची चळत मांडली. मागे सईने आजोबांचा फोटो लावला होता, गणवेशातला, हातात हा एवढा मोठा झारा. नायरसाहेब आले. आधी फोटोसमोर ताठ उभे राहून त्यांनी सलाम ठोकला. मग माझी एक भाकरी उचलली, उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली.

"ये कौनसे देश का नक्शा है?"

मी काही बोलायच्या आत सक्सेनाजींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. सध्या तिथे माझ्या देशभक्तीवर चर्चा चालू आहे, आणि अध्यक्षांनी मला खुलासा करायला सक्त मनाई केली आहे.