आमची घरमालकीण नोरा

घरमालकीण गेली असं कळलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो घराचा.

तिचा दुसरा.

लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. आयर्लंडमधल्या डंडॉकमध्ये सध्या जो भाड्याने राहतो, त्याला विचारा.

नोरा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. तिला गावात सगळे नोराच म्हणायचे, म्हणून आम्हीही. शनिवारी स्ट्रोक आला, सोमवारी हॉस्पिटलमध्येच वारली. आज फ्युनरल झालं.

आमची ओळख गेल्या जुलैतली. म्हणजे वर्षसुद्धा झालं नाही.

तेव्हा आमच्या जुन्या फ्लॅटच्या मालकाने तो विकायला काढला होता. ‘भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरची लॉकडाऊनची बंदी उठली की सोडा,’ असा निरोप आला. मला सहावा महिना.

आणि नेमकं त्याच वेळी डब्लिनचे लोक इकडे यायला लागले. ऑफिसं बंद, सगळं काम घरून, मग डब्लिनचं भाडं का भरा? डंडॉकला बाग असलेलं घर घ्या. त्यांचं बजेट डब्लिनचं, घरं आमच्या गावातली. आम्ही फोन लावेपर्यंत घर गेलेलं असायचं.

एका एजंटने माझ्या पोटाकडे बघितलं आणि पुन्हा फोनच उचलला नाही. योगायोगही असेल. पण त्यानंतर मी नवऱ्याचं, सुमेधचं जाड जाकीट घालून घरं बघायला जायला लागले. जुलैत. आयर्लंडमध्ये त्याचं कोणाला काही वाटत नाही!

नोराच्या घरी एजंट होता, आमच्या आधी डब्लिनमधल्या चेरीवूडच्या कुठल्याशा कंपनीतलं एक जोडपं होतं, आणि खिडकीपाशी नोरा स्वतः उभी होती. मी जरा टेकले.

ती थेट म्हणाली, “कितवा महिना?”

मी म्हटलं, “कसला?”

“अगं, मला पाच झाली. बाई कशी बसते ते मला कळतं.”

सुमेध भिंतीकडे बघायला लागला. मी जाकीट काढलं. काय करणार?

एजंटने तिला बाजूला घेऊन सांगितलं की ते दुसरं जोडपं जास्त भाडं द्यायला तयार आहे. हळू बोलला, पण घर लहान आहे, सगळं ऐकू आलं.

नोरा मोठ्याने म्हणाली, “ते ऑफिस उघडलं की परत जातील. हे राहतील.”

एवढंच कारण. दया-बिया काही नाही. तिचा हिशोब होता आणि तो बरोबर होता.

नोरा अगदी गोड म्हातारी वगैरे नव्हती हं. चार घरं सोडून राहायची आणि न सांगता मागच्या दाराने बागेत यायची. ‘खिडक्या उघडा, भिंतींना बुरशी येईल.’ ‘फोडणी देताना दार लावा.’ ‘तो प्रेस कोंदट झालाय, मोकळा करा.’ प्रेस म्हणजे इथे कपाट.

ऑक्टोबरमध्ये इरा झाली. नोव्हेंबरमध्ये एकदा मी तिला पाजत बसले होते आणि बागेकडच्या काचेतून नोरा आत बघत होती.

माझा भडका उडाला. मी म्हटलं, “नोरा, कायद्याने तुला आधी कळवून यायला लागतं. निदान चोवीस तास.”

ती ‘ग्रँड’ म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत ‘ठीक’, आणि गेली.

नंतर दीड महिना फिरकली नाही. सुमेध म्हणाला, “घालवलंस घर.” मी वरवर हसले, पण रोज पोस्ट आली की घर सोडायची नोटीस तर नाही ना, ते आधी बघायचे.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि एका सकाळी घर गार. इथली बरीच घरं तेलावर तापतात, परसात टाकी असते. आमची रिकामी झाली होती. बघायला हवी होती, बघितली नव्हती. तेलवाला म्हणाला, परवा येतो. इरा तीन महिन्यांची.

मी नोराला फोन केला.

दहा मिनिटांत ती आली. एका हातात इलेक्ट्रिक हीटर, दुसऱ्या हातात गरम पाण्याच्या दोन पिशव्या. मास्क लावून दारातच थांबली. “आत नाही येत, चोवीस तास झालेले नाहीत,” म्हणाली.

मी हसले आणि मग रडलेच. ती म्हणाली, “रड नंतर. आधी हीटर लाव.”

त्यानंतर ती रोज यायची. बेल वाजवून. खिडकीबाहेर उभी राहून इराशी बोलायची. लॉकडाऊनमुळे तिने इराला एकदाही मांडीवर घेतलं नाही.

आज चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. त्यामुळे सगळी गल्ली रस्त्यावर येऊन उभी राहिली, अंतर ठेवून. शववाहिनी अगदी हळू गेली. लोकांनी छातीवर क्रॉस केला. आम्ही हात जोडले.

संध्याकाळी तिच्या मोठ्या मुलाचा, डेक्लनचा फोन आला.

“एजंटकडून कळण्याआधी मीच सांगतो. आम्ही पाच भावंडं आहोत. घर विकावं लागेल. पण उन्हाळा संपेपर्यंत तुम्ही राहा.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हटलं, “सॉरी फॉर युअर ट्रबल.”

इथे मयताला आलेला प्रत्येक माणूस रांगेत उभा राहतो, घरच्यांचा हात हातात घेतो आणि एवढंच म्हणतो. यंदा रांग नाही, हात नाही.

तो म्हणाला, “थँक्यू. आज दिवसभरात हे फार कमी वेळा ऐकलं.” आणि रडला. मी फोन धरून बसले.

नोरा, तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, इरा पहिल्यांदा पालथी पडली. तुझ्याच हॉलमध्ये.

तुला सांगायचं राहिलं.

नीट जा. आम्हा तिघांचा नमस्कार.