मच्छिंद्रचे तीन गुण

मच्छिंद्रला पळता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो पळायला लागला की चढावर उसाचा ट्रॅक्टर कण्हतोय असं वाटतं. चेंडू अंगावर आला तर डोळे मिटतो. तरी आमच्या सुप्याच्या रग्बी संघात तो चार वर्षं टिकून आहे, ते उजव्या पायामुळे. बापाच्या रानातली ढेकळं लाथाडून तयार झालेला पाय. आईची, म्हणजे कडूबाईंची, हंडा डोक्यावर घेताना वापरायची चुंबळ तो मैदानात ठेवतो, तिच्यावर लांबुळका चेंडू उभा करतो आणि दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून पार करतो. पलीकडच्या कांद्याच्या वावरातून तो शोधून आणायला मात्र आम्ही पळायचं.

आम्ही सगळे एमआयडीसीतले कामगार. गुरुवारी टपरीवर कप्तान कल्याणनं मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. रग्बीचे नियम बदलायचा प्रस्ताव आहे म्हणे. चेंडू रेषेपलीकडे टेकवला की पाच गुण, ते राहणार. पण त्यानंतर चेंडू दांडीवरून मारायची दोन गुणांची लाथ बंद. आणि समोरच्याच्या चुकीवर मिळणाऱ्या लाथेला तीनऐवजी दोनच.

"मच्छ्या, तुझी पेन्शन सुरू झाली की रे!" मी म्हणालो.

तो हसला नाही. "मंग मी काय करायचं?" एवढंच म्हणाला. चहावर साय धरली.

आता आमची खोड अशी, की कागद यायच्या आधीच अंमल सुरू. रविवारी राहात्याला मॅच होती. कल्याणनं मच्छिंद्रला बाहेर बसवलं. "नव्या नियमात पळनारी मानसं लागत्यात," म्हणाला.

आम्ही चेंडू रेषेपलीकडे टेकवला, पाच गुण झाले, आणि सगळे शिस्तीत मागे फिरलो. रेफ्री सहादेव सर, पेशानं शिक्षक, तिथंच उभे.

"अरे, लाथ कोन मारनार?"

"सर, ती बंद झाली ना?" कल्याण म्हणाला.

"कुनी केली?"

"मोबाईलवर हाय."

"प्रस्ताव हाय तो, बाबा! माझ्या बदलीचाबी प्रस्ताव तीन वर्षं पडून हाय. मी गेलो का कुठं? मारा लवकर."

कल्याणनं स्वतःच मारली. चेंडू खांब सोडून उभ्या टेम्पोवर आदळला. मध्यंतराला राहात्याचे सात, आमचे पाच.

कल्याण मान खाली घालून मच्छिंद्रकडं गेला. "ऊठ. नियम जुनाच हाय. चुकलं राव माझं."

मच्छिंद्र उठला. बुटाची नाडी दोनदा बांधली.

अगदी शेवटी राहात्याच्या गड्यानं आमच्या एकाला मानेला धरून पाडलं. लाथ मिळाली. चुंबळ आली. सरांनी तिच्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं. मच्छिंद्र चार पावलं मागे गेला, आला, आणि चेंडू दांडीवरून गेला. तीन गुण. आठ-सात! दोनच असते तर बरोबरी.

आम्ही नाचत होतो, तेव्हा मच्छिंद्र सरांच्या मागं.

"सर, ह्या सालात तर नियम न्हाई ना बदलत?"

"नुसता इचार चाललाय रे. ठरलं तर आधी कळवतील."

"लेखी?"

"लेखी."

पुढच्या रविवारच्या यादीत कल्याणनं पहिलं नाव त्याचं घातलं.

परतताना पिकअपमध्ये मच्छिंद्र तोंड उघडं टाकून माझ्या खांद्यावर झोपला. गुरुवारपासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे तेव्हा कळलं. खांदा बधिर झाला. पण सुपा येईपर्यंत मी हललो नाही.