ठेवून घेतलेले देव

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर मला देवापुढे हात जोडायची लाज वाटू लागली. वय झालं की श्रद्धा वाढते म्हणतात, माझं उलटंच झालं. आमच्या देव्हाऱ्यात मागच्या बाजूला पत्र्यावर देव ठसवलेले पाच टाक होते, ते आमचे नव्हतेच. आमच्या शेतात निंदणाला येणाऱ्या एका बाईनं बौद्ध दीक्षेला नागपूरला निघताना घरचे देव माझ्या सासूकडे दिले आणि सांगितलं, नदीत सोडून द्या. सासू नदीपर्यंत गेली, पण तिचा हात धजला नाही. ज्या घरचं पाणी ती पीत नव्हती, त्या घरचे देव तिनं आमच्या देवांत लपवले आणि सोडले म्हणून खोटं सांगितलं. तिच्यामागे ते खोटं माझ्याकडे आलं. त्या बाईची सून कमल माझ्याच वयाची, पण ओट्यापलीकडे मी तिला कधी बोलावलं नाही. टाक दिसतील म्हणून, असं मी मनाला समजावत असे.

त्यातच मुलानं नागपूरला राहायला बोलावलं. आई, देव मोजकेच आण, म्हणाला. टाक सोडावेत तर कमलला विचारल्याशिवाय कसे, आणि विचारावं तर खोटं उघडं पडणार. ती माझं तोंड पाहील का, हीच धास्ती होती. शनिवारी जामसांवलीला जाऊन मारुतीला म्हटलं, बाबा, तूच सुचव. काही सुचलं नाही. प्रसाद घेतला आणि बसनं परत आले.

घरी येऊन पाहते तर ओट्यावर कमल, पदरात झेंडूची फुलं. दर दसऱ्याला तिच्या घरून फुलं येत, तिच्या सासूपासूनची ती रीत. मला काय झालं कोण जाणे, पायरीवरच बसले आणि सगळं सांगून टाकलं.

"मले माहीत हाय वहिनी," कमल म्हणाली. "माही सासू सांगे, तुमची सासू नदीवरून आली पण लुगडं कोरडं होतं. तवापासून फुलं देऊन राहिलो आमी. आमी देव सोडले, पण तुमची पूजा कायले अडावी?" मग म्हणाली, "त्याचा राग नाही. आमचे देव आत नेले अन् आमाले ओट्यावर ठेवलं, त्याचा हाय."

मला रडू आलं. तिचं खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी नदीवर गेलो. गुडघ्यांमुळे मला पाण्यात उतरवेना. म्हटलं, कमल, तूच सोड.

"माह्याकडून तं कवाचेच सुटले," ती हसली, आणि मला घट्ट धरून पाण्यात उतरली. तिनं हात जोडले नाहीत. मी जोडले, आणि एकेक टाक सोडला. सासूला जे एकटीनं जमलं नाही ते मला कमलच्या आधारानं जमलं. जामसांवलीला मागितलं ते मारुतीनं माझ्या ओट्यावर आणून ठेवलं, असं मी मानते. कमल मानत नाही. तिचंही बरोबर असेल, माझं त्यावर भांडण नाही.

परत आलो तेव्हा दोघींच्या साड्या गुडघ्यापर्यंत ओल्या होत्या. कमल सवयीनं ओट्यावर टेकायला गेली.

"तिथं नको बसू वं," मी म्हटलं. "आत चाल. माही साडी नेस."