माझ्या आईचा रिपोर्ट

पहिल्या बाळंतपणासाठी मी पिंपळगाव राजाला माहेरी आले. खामगावच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला कावीळ ब आहे." ना ताप, ना डोळे पिवळे. हा विषाणू वर्षानुवर्षं यकृतात गुपचूप राहतो आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला जातो, असं त्यांनी समजावलं. मला रोजची गोळी सुरू केली. मग म्हणाल्या, "तुमच्या आईलाही तपासून घ्या."

आईचा रिपोर्टही तसाच आला. कागद हातात धरून ती दवाखान्याच्या बाकावर बसली.

"म्हंजे म्याच तुले देलं?"

"तुले माहीत होतं का वं?"

"तू घरीच झाली. तवा कोण रक्त तपासे?"

खरं सांगते, त्या दिवशी मला तिचा राग आला. तिचं काहीच चुकलं नव्हतं, तरी आला. तिला तो कळला असावा. घरी गेल्यावर तिनं आपलं ताट-गिलास वेगळं काढलं. जेवणातून हा आजार पसरत नाही, हे मी कितीदा सांगितलं. "हाव," म्हणायची, आणि ताट वेगळंच ठेवायची.

मुलगी सकाळी झाली. सिस्टरांनी तासाभरात तिच्या दोन्ही मांड्यांत एकेक इंजेक्शन दिलं. एक लस, दुसरं लगेच संरक्षण देणारं. मग म्हणाल्या, "पाजा आता."

"दुधातून गेलं तर?"

"नाही जात. बाळ उपाशी आहे, पाजा."

मी पाजलं. आई दारातच उभी होती.

"आई, घे न हिले."

"माह्या हातानं काऊन?"

"हातानं नाही होत वं काही."

तिनं पदरानं तीनदा हात पुसले, मग नातीला घेतलं.

पुढचे सगळे डोस मी वेळेवर दिले. वर्षभरानं मुलीचं रक्त तपासलं. त्यात विषाणू नव्हता. बाहेर येऊन मी आईला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं, पण ती नुसती नातीचे केस नीट करत राहिली.

"तुह्यावाल्या टायमाले हे सुई असती तं..." एवढंच म्हणाली.

आम्हा दोघींच्या यकृताची तपासणी त्याच दिवशी होती. मी मुलीला कडेवर घेतलं आणि आम्ही रांगेत जाऊन उभ्या राहिलो.