वरणाचा डबा आणि सर्व्हरचा प्लग

मंडळी, आज मला गरम वरणाच्या वासाची किळस आली.

आमच्या केळीच्या धंद्याचा सर्व्हर शहरातल्या शनवारा भागातल्या ऑफिसात आहे. फोपनार गावच्या ऑफिसातून रेखाताई एंट्री करतात. रोज जेवणाच्या वेळी त्यांचं सॉफ्टवेअर बंद पडायचं. "बाईला जमत नाही, काढून टाका," असं शनवाऱ्यातला मॅनेजर म्हणायचा.

आज मी शनवाऱ्यातून ताईंशी फोनवर बोलत होतो. शेजारच्या खोलीतला सर्व्हरचा पंखा थांबला आणि ताई म्हणाल्या, "भाऊ, परत बंद पडलं. आता मला काढणार का?"

आत जाऊन पाहिलं, तर सर्व्हरचा प्लग काढून मॅनेजर विजेच्या शेगडीवर वरणाचा डबा गरम करत होता.

"दोन मिनिटं तर लागतात, भाऊ."

"आणि नाव रेखाताईंचं?"

"त्या कुठं इथं बघायला येतात."

फोन चालूच होता. ताईंनी सगळं ऐकलं.

तुमच्या ऑफिसात लांब बसलेल्या माणसाच्या नावावर काय काय खपवतात, कधी कान देऊन ऐकलंय?